साखर घातलेलं दूध

वाघोली, ३ जून २०२४

तीर्थरूप दादास,
दुर्गाचा साष्टांग नमस्कार.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि कानाचं यंत्र तू कपाटात जपून ठेवलं आहेस, म्हणून पुन्हा पत्र. जमीन बिल्डरला देऊन आम्ही नवव्या मजल्यावर राहायला आलो. लिफ्ट आहे, वारा आहे, फक्त मला झोप नाही. मळ्यात होतो तेव्हा यांचं घोरणं चार एकरांत विरून जायचं. इथे ते दहा बाय बाराच्या खोलीत माझ्यासोबत कोंडलं आहे. सूनबाई शेफाली म्हणाली, कानात कापूस घाला. घातला, कापूससुद्धा थरथरतो.

तू पस्तीस वर्षं डॉक्टरांकडे कंपाउंडर होतास. झोपेच्या गोळ्या पाठव. यांना कळवू नकोस. एक्केचाळीस वर्षांत यांनी माझी एकही तक्रार पुरती ऐकलेली नाही.

तुझी,
दुर्गा

कसबा पेठ, ८ जून

चि. सौ. दुर्गास अनेक आशीर्वाद.

गोळ्या पाठवल्या आहेत. आधी डॉक्टरांना विचार, असं खरं तर लिहायला हवं, पण मला विचारल्यावर आणखी डॉक्टर कशाला? नीट वाच. अर्धीच गोळी, तीही पंधरा दिवसच. गोळी झोपवते मेंदूला, पण तिचा निचरा करायचं काम लिव्हरच्या गळ्यात पडतं. लिव्हर दुबळं असेल तर औषध अंगात साचत जातं. वर दारू असेल तर विषच समज. श्वास मंदावतो, मग हृदय, मूत्रपिंडं, सगळी वरात मागोमाग निघते. तू धडधाकट आहेस म्हणून पाठवल्या. रावसाहेबांसाठी मागितल्या असत्यास तर दिल्या नसत्या. त्यांची संध्याकाळची बाटली मला ठाऊक आहे.

तुझा,
दादा

वाघोली, २ जुलै

तीर्थरूप दादास साष्टांग नमस्कार.

तुझ्या हाताला अजून गुण आहे. पहिले आठ दिवस घरात इतकी शांतता होती की मी सकाळी दचकून उठले. पुढे अर्धीने भागेना म्हणून एक केली, आता दीड. दुधात कुटून घातली तर चालते ना? साखर जास्त घातली की चव कळत नाही.

हे मात्र हल्ली फार निवळले आहेत. आमटी अळणी झाली तरी चकार शब्द नाही. सकाळी दहापर्यंत झोपतात. पायांवर सूज आहे, डोळे पिवळट दिसतात. वय झालं, दुसरं काय? घोरणं मात्र पुन्हा वाढलं आहे. मध्येच बंद पडतं आणि मग एकदम ट्रॅक्टर सुरू होतो. आणखी दोन पाकिटं पाठव.

तुझी सुखी बहीण,
दुर्गा

कसबा पेठ, ५ जुलै

दुर्गे,

आशीर्वाद नंतर. गोळी तू घेतेस आणि डोळे रावसाहेबांचे पिवळे होतात? घोरणाऱ्याला ही गोळी दिली की त्याचा घसा आणखी सैल पडतो. ते मध्येच बंद पडतं म्हणतेस ना, तो त्यांचा श्वास बंद पडतो.

चिठ्ठी दशरथ रिक्षावाल्याच्या हाती पाठवतो आहे. तो खाली थांबेल. त्याच रिक्षेतून त्यांना दवाखान्यात ने आणि एक अक्षर न लपवता सगळं सांग. कितीची गोळी, किती दिवस, दारू किती, सगळं. माझं नावही सांग. पस्तीस वर्षं मी घेणाऱ्याचं तोंड बघून पुडी बांधत होतो. या वेळी तोंड न बघता बांधली. चूक माझी.

दादा

वाघोली, ९ जुलै

तीर्थरूप दादास नमस्कार.

चार दिवस झाले, हे आयसीयूत आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दारूने लिव्हर आधीच खचलेलं होतं, त्यावर गोळ्या साचल्या. रोज झोपेत श्वास अपुरा पडून हृदयावर आणि मूत्रपिंडांवर ताण आला. मी त्यांना माझा हिशेब सांगितला, की आवाज ज्याचा, औषध त्याला. त्यांनी पेन खाली ठेवलं.

दादा, मी यांना मारत होते रे, रोज, चमच्याने ढवळून. आता इथे बाकावर सगळं शांत आहे आणि माझा डोळ्याला डोळा लागत नाही. ते घोरणं ऐकू आलं तर बरं वाटेल. शुद्धीवर आले की सगळं सांगणार आहे. पुढे ठेवतील तशी राहीन.

दुर्गा

वाघोली, २८ जुलै

रा. रा. ज्ञानदेवराव यांस,
रावसाहेबाचा स. न. वि. वि.

वाचलो. दारू कायमची बंद, लिव्हर जपून वापरायचं आहे. झोपताना नाकावर चढवायला एक यंत्र दिलं आहे. शेफाली त्याला गणपतीची सोंड म्हणते. खोलीत आता चिडीचूप असतं.

तुमच्या बहिणीने सगळं कबूल केलं. खूप रडली. मी मध्ये एकदाही बोललो नाही. यंत्र लावल्यावर बोलता येत नाही, हा त्याचा मोठा गुण.

तिला सांगितलं नाही ते तुम्हाला सांगतो. दूध कडू आहे हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. तळाला भुकटी दिसायची. मला वाटलं, दारू सोडवायची कुठलीशी पूड घालते आहे. आयुष्यभर तिचं काही ऐकलं नाही, निदान हे तरी पिऊन टाकावं म्हणून रोज तळापर्यंत प्यायलो, गाळसुद्धा चमच्याने खाल्ला. बाटली मात्र सोडली नाही, एवढी लबाडी माझी.

आता दूध येतं ते बिनसाखरेचं. ती पेला माझ्यासमोर आधी स्वतः चाखते. तुमचं ती ऐकते, म्हणून लिहिलं. तिला म्हणावं, चाखू नकोस, आणि चमचाभर साखर घाल.

आपला,
रावसाहेब