चिंचेनं घासलेली पट्टी

मंगळ., ४ ता.
आज माझ्या नातीनं, रेणूनं, ठेकेदाराच्या कानाखाली जाळ काढला. लई गोड वाटलं. चिकलठाण्यात कारखान्याची शेड उभी राहतीय, तिथली ही इंजिनेर. ठे. म्हणाला, काम बरोबर झालंय अशी सही कर नाय तर उचलून नेऊ. हिनं दिली ठेवून. ऐकता ऐकता मला अर्धी भाकर जास्त गेली. भांडण कशाचं, तर पोलाद कोडात बसत नाय. मला वाटलं, कुणाच्या अंगावर कोड फुटलं. तर ते नियमाचं पुस्तक. भारी पोलाद येणार म्हणून तुळया बारीक धरल्या, अन् मुडद्यानं साधंच लावलंय असा हिला संशय. दाखला मागितला तर देईना. खाली बायका पॅकिंगला बसणार, अन् वर हे असलं छप्पर.

गुरु., ६ ता.
रेणूनं तुळईची पट्टी कापून आणली, तपासणीत ओढून बघतात म्हणे. ओट्यावर ठेवून अंघोळीला गेली. पट्टी लई मळकी, वर पिवळ्या रंगाचं गिचमिड. मी चिंच अन् राख लावून आरशावानी केली. माझ्या हाताला चैन कुठं! ती आली, बघितली, खालीच बसली. "आजी, कुठल्या तुळईची त्याची खूण होती ती. ठेकेदाराच्या माणसाची सही होती." आता ती पट्टी कुणाचीबी. ओरडली असती तर बरं झालं असतं.

शनि., ८ ता.
दुसरी कापायला गेलो. मी हट्टानं संगं. घाण मी केली ना. ठे.ची चार माणसं आडवी आली. एकानं पाइप हाणला, रेणूच्या कपाळातून रक्ताची धारच लागली. दुसऱ्यानं माझा अंबाडा धरून, म्हातारे घरी जप कर, म्हणाला. मी त्याच्या मनगटाला चावले. दात तीनच, पण कामाचे. सोडलंच नाय, तो बैलावानी ओरडला. तेवढ्यात कारखान्याचा मालक धावत आला. त्याच्यासमोर पट्टी कापली, खूण त्यानंच घातली. रेणूला सात टाके. सुई चालू असताना म्हणते, "चावलीस व्हय गं?"

रवि., ९ ता.
पहाटं खिडकीतून दगड आला. काचा वेचल्या. रेणू मला हात लावू देईना नव्या पट्टीला. बरोबरच हाय.

सोम., १० ता.
तपासणीच्या खोलीत बाकावर बसून लिहितीय. मालक हाय, ठे.बी हाय. रेणू म्हणाली, मशीनचा आकडा साडेतीनशेवर जाईपर्यंत पट्टी ताठ राहिली तर पोलाद भारी, मग मीच खोटी अन् नोकरी गेली. आधीच सैल पडली तर छप्पर उतरवायचं. मशीननं पट्टी दोन्हीकडून जबड्यात धरलीय. हाडं मोडल्यावानी करकर. मला तर वाटतंय, ह्या जबड्यात ठे.च पाहिजे होता. आकडे चढतात. दोनशे. दोनशे चाळीस. ताठच. दोनशे साठ. ठे. हसतोय. दोनशे ऐंशी. रेणूची पापणी हलत नाय. दोनशे नव्वदला आकडा अडकला, पट्टी सैल पडली, अन् ठे.चं हसणं बंद.