फॉर्मवरचा मोठा शब्द

प्रिय आई,

तू फोनवर विचारलंस, "लेबर काय नि प्रोफेशन काय, दोन्ही कामच ना गं? मग हात भाजल्यावर एकीला उपचार आणि दुसरीला नकार, असं कसं?" इंग्रजी घेऊन पदवी मिळवली, घरातली पहिली म्हणून मिरवले, पण याचं उत्तर मला येत नाही.

मी तुमच्याच लाँड्रीच्या ऑफिसात लागले त्या आठवड्यात विम्याचे फॉर्म भरायचे होते. तुझ्या नावापुढे लेबर लिहिताना पेन अडलं. लेबर म्हणजे नुसती ढोरमेहनत, असं वाटलं मला. जॉब म्हणजे आज आहे, उद्या नाही. तू तर कापडाला बोट लावून सांगतेस, इस्त्रीचा रोलर किती तापवायचा, ते प्रोफेशनच. म्हणून 'फॅब्रिक केअर प्रोफेशनल' लिहिलं, तुझ्या आणि बाकी दहाजणींच्याही नावापुढे. वाचून दाखवलं तेव्हा तू म्हणालीस, "बाई गं, एवढं नाव ऐकून इस्त्रीच गार पडायची." तरी माझ्यावर भरवसा ठेवून सही केलीस. मालकांनीही छान शब्द काढला म्हणून पाठ थोपटली. कामगारांचा विमा मालकाने भरायचा असतो आणि प्रोफेशनलने आपला आपण, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्यांना असावं.

तुझी बोटं रोलरखाली गेल्यापासून विमा कार्यालयात सात खेपा झाल्या. तिथले साहेब वाईट नाहीत. पाण्याचा ग्लास पुढे करतात, मग फॉर्म पुढे करतात. "ताई, अक्षर तुमचंच ना?" अक्षर माझंच. तू आता गावी मावशीकडे आहेस; ती सांगते, बोटं वळत नाहीत म्हणून तू वेणीसुद्धा तिच्याकडून घालून घेतेस, आणि घरी येईल त्याला सांगतेस, आमची पोर टेबल-खुर्चीवर बसते.

म्हणून हे पत्र. फोनवर माझ्याने बोलवलं नसतं. काल मी कार्यालयात लेखी जबाब दिला. या अकराजणी मजूर आहेत, दिवसभर उभ्याने राबतात, त्यांना इंग्रजी येत नाही, तो शब्द माझा होता. उपचार मंजूर होतील की नाही, साहेबांनाही सांगता येईना. तिथून परत आले, जबाबाची एक प्रत मालकांच्या हातात दिली. त्यांनी वाचली, दाराकडे बोट केलं. मी माझी खुर्ची टेबलाखाली सरकवली आणि निघाले.

तुझीच,
थोरली