रेघेबाहेरचा लाल

आबा,

आज रविवार, दुपारचे सव्वाचार. ओट्यावर बसून ब्लेडने नखांत सुकलेलं चिकटवायचं सोल्यूशन खरवडत होतो. रॉकेलने धुतलं, साबणाने धुतलं, तरी घासाला त्याचाच वास येतो. पण किळस आली आहे ती त्या वासाची नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मी नववीत होतो. शाळा तिथेच संपली. आता सचिनच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फर्निचर कारखान्यात आलेला माल तपासतो आणि प्लायवर लॅमिनेट चिकटवतो. लाकडासारखं दिसणारं लॅमिनेट हल्ली कोणाला नको असतं. पिस्ता रंगाची कपाटं, त्यांना चेंडूसारखे पाय, दारांवर गुलाबी पट्टे, केळी, चष्मा घातलेली मांजरं. चघळून थुंकलेल्या गोळ्यांचे रंग सगळे. मोठी माणसं पैसे देऊन हे घरात आणतात.

गेल्या आठवड्यात फुलांच्या शीट आल्या. प्रत्येक फुलाचा लाल रंग काळ्या रेघेबाहेर सरकलेला, दुसऱ्या बाजूला पांढरी फट. एकेक शीट उजेडात धरून पाहिली. सगळ्या तशाच. आणि मला बमरोलीची मिल आठवली. मी डबा घेऊन येतो, तुम्ही छपाईच्या टेबलावर वाकलेले, साडीवर बोट ठेवून मला दाखवता, "हाई देख, रंग रेघना बाहेर गया." एकदा तुमची छपाईची फ्रेम केसभर हलली आणि टेबलभर साड्या बिघडल्या. मास्टरने सगळ्यांसमोर "आंधळो छे के?" विचारलं, पगार कापला. त्या रात्री तुम्ही जेवला नाहीत. चूक स्वतःवर घेत आईला एवढंच म्हणालात, "मनी चूक शे."

म्हणून मी टेम्पो बोलावला आणि सगळा माल डॅमेज म्हणून परत पाठवला. वाटलं, शेठ शाबासकी देतील.

शेठ आधी हसले. मग हसायचे थांबले आणि मला वेड्यात काढलं. "अरे गांडा, आ तो डिझाइन छे! मॅडमे जाणी जोईने कराव्युं छे!" त्यांनी डिझायनर मॅडमना फोन लावून माझ्या कानाला लावला. "भैया, थोडा टेढ़ा है, इसीलिए तो क्यूट है," त्या म्हणाल्या. ज्या चुकीसाठी तुमचं जेवण गेलं, ती आता साध्या शीटपेक्षा महाग विकतात. माल परत आणला. शेठनी बजावलं, "तूच लावायचं, तूच गिऱ्हाइकाकडे बसवून यायचं. तिथे तोंड वाकडं केलंस, तर सोमवारी येऊ नकोस."

काल बसवून आलो. नव्या फ्लॅटमधलं, टीव्हीखालचं कपाट. घरातले सगळे फोटो काढत होते. फक्त म्हातारे काका जवळ आले, वाकले, एका फुलाच्या सरकलेल्या लाल रंगावरून बोट फिरवलं. अगदी तुमच्यासारखं. हळूच विचारलं, "भाई, रंग खसी गयो छे ने?"

त्यांचा मुलगा माझ्याकडे बघत होता.

"ना काका," मी म्हणालो, "बराबर छे."

काका ओशाळले. "हवे आंखे ओछुं देखाय छे," म्हणत, डोळ्यांना दोष देत खुर्चीत जाऊन बसले. त्यांना नीट दिसत होतं, आबा.

हे पत्र कुठे टाकणार? हिशेब तेवढा लिहून ठेवतो. टेम्पोच्या दोन खेपा, बाराशे. या महिन्यात पगारातून कापले चारशे. द्यायचे राहिले आठशे. काकांच्या मुलाने निघताना दिलेलं बक्षीस, शंभर. ते मी घेतलं.