अन्वय, व्यतिरेक आणि खरखर

६ ऑगस्ट

प्रिय ठिणगी,

अनेक आशीर्वाद, आणि त्यांच्या पाठोपाठ लगेच एक तक्रार.

आम्ही दोघे ठीक आहोत. तुझ्या वहिनीने पडदे बदलले, मी चष्मा बदलला, त्यामुळे पडदे बदललेले मला दिसले. एकंदरीत घरात प्रगती आहे. ती नाही फक्त एका कोपऱ्यात. तू नवा कॉम्प्युटर घेतलास आणि जुना 'दादा, हा अजून दहा वर्षं हलायचा नाही' म्हणून माझ्या गळ्यात घातलास. हलत नाही हे खरं आहे. पण तोंड उघडलं की घशात खडे अडकल्यासारखा बोलतो. सारखी खरखर. मोठा केला की फाटतो, लहान केला की पुटपुटतो.

एरवी मी सोडून दिलं असतं. पण आमच्या संस्कृत संस्थेने यंदा पाठांतराची तोंडी परीक्षा ध्वनिमुद्रित केली आहे. मुलांनी श्लोक म्हणायचे, यंत्राने ते साठवायचे आणि मी घरी बसून, उच्चार ऐकून गुण द्यायचे. माझा कान पक्का म्हणून हे काम कित्येक वर्षं माझ्याकडे आहे, हे तुला ठाऊक आहेच. नसेल तर वहिनीला विचार, तिला रोज ऐकावं लागतं. प्राचार्यबाईंना गुण महिनाअखेर हवे आहेत. वरच्या वर्गात कोण जाणार ते त्यावर ठरतं.

लहानपणी तू घरातला रेडिओ उघडलास, ठिणगी उडाली आणि त्या दिवसापासून बाबा तुला त्याच नावाने हाक मारू लागले. तो रेडिओ नंतर वाजलाही होता. त्या पुण्याईवर विचारतो, काय करू?

फोन करू नकोस. लिहूनच कळव. यांत्रिक विषय लेखी असलेला बरा.

तुझा
(खडे ऐकणारा) दादा

* * *

१७ ऑगस्ट

प्रिय ठिणगी,

तुझं पत्र पोचलं. एवढ्या सूचना तर बाबांनी मला पहिल्यांदा परगावी पाठवतानाही दिल्या नव्हत्या.

'दादा, एका वेळी एकच गोष्ट बदल' हे वाक्य तू तीनदा अधोरेखित केलं आहेस. बाई गं, हे आम्हाला शिकवू नकोस. आमच्या न्यायशास्त्रात याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात. एखादी गोष्ट असली की दोष असतो आणि ती काढली की दोष जातो, तर दोषाचं मूळ तीच. तुमचे इंजिनियर हे आता शोधून काढत आहेत आणि त्याचा पगारही घेत आहेत.

तर शास्त्रोक्त प्रयोग झाला. तुझी वहिनी खुर्चीत बसून पत्र वाचत होती, मी टेबलाखाली.

"स्पीकरची वायर मागच्या हिरव्या भोकात आहे का?"

"हिरव्यातच आहे."

"अहो, ते गुलाबी आहे."

"हिरवं आहे."

"चष्मा इथे टेबलावर आहे तुमचा."

वायर हिरव्यात गेली आणि माझं डोकं टेबलाला लागलं. खरखर कायम. मग आवाज दोन्हीकडे चढवलेला सापडला, पडद्यावरही आणि स्पीकरवरही. तो उतरवला. आवाज गोड करणाऱ्या ज्या करामती तू बंद करायला सांगितल्यास त्या बंद केल्या. ड्रायव्हर नावाचा जो कोणी आत राहतो त्याला काढून पुन्हा बसवला. खरखर कायम. शेवटी वहिनीनेच स्पीकरची जाळी उचकटली, तर आतला कागदी पडदा मधोमध फाटलेला! म्हणजे दोष तुझ्या कॉम्प्युटरचा नव्हताच. तुझी इभ्रत वाचली.

नवे स्पीकर आणले. लावल्याबरोबर वहिनी म्हणाली, "अगंबाई, किती स्वच्छ!"

मी म्हणालो, "हो, बराच फरक आहे."

पुढे सांगायचं तर, मुलांचे उच्चार ऐकून मी थक्क झालो. श, ष, स यांतला एकही अख्ख्या वर्गात कोणाच्या तोंडून धड निघत नाही. सगळ्यांचा एकच दोष. मी निर्दयपणे गुण कापून यादी पाठवली. प्राचार्यबाईंनी माणूस पाठवून विचारलं, 'सगळ्यांना? पूर्ण वर्गाला?' मी लिहून कळवलं की सत्य बहुमताने ठरत नसतं. वाक्य चांगलं जमलं होतं.

तुझी शेवटची सूचना, इयरफोन लावून बघायची, राहून गेली. इयरफोन सापडत नाहीत. आता गरजही उरली नाही.

नको म्हटलं तरी गेल्या रविवारी फोन करून तू बरंच काही सांगितलंस. छान वाटलं.

तुझा
शास्त्रोक्त दादा

* * *

२८ ऑगस्ट

ठिणगे,

इयरफोन सापडले. माझ्याच खणात, जुन्या चष्म्याच्या घराखाली. ते तिथे मीच ठेवले असावेत, असा तुझ्या वहिनीचा तर्क आहे. तर्कात दोष काढता आला नाही.

झालं असं. मी एका मुलीचं ध्वनिमुद्रण पुन्हा लावलं होतं. मी तिला नापास केलं होतं. वहिनी स्वयंपाकघरातून हात पुसत आली, दारात उभी राहिली आणि म्हणाली, "कोण हो ही? किती सुरेख म्हणते! एकेक अक्षर वेगळं."

मी म्हणालो, "ऊष्म वर्ण ऐक जरा, श, ष, स."

"ऐकतेय की. तुम्ही ऐकताय का?"

मग ती खणाकडे गेली.

डाव्या कानात खरखर, उजव्यात मुलगी. मला आनंद झाला, म्हटलं इयरफोनचा डावा भाग बिघडलाय. वहिनीने तुझं पत्र उघडून वाचलं: 'दादा, आता डावा-उजवा उलटे लावून बघ.' उलटे लावले. डाव्या कानात खरखर, उजव्यात मुलगी. पुन्हा उलटे लावले. वहिनीने पत्राची घडी घातली. तिच्या लेखी निष्कर्ष निघाला होता.

वायर बदलली, आवाज बदलला, ड्रायव्हर बदलला, स्पीकर बदलले, एका वेळी एकच. या सगळ्यात न बदललेला एक पदार्थ उरला होता, त्याच्याकडे शास्त्रीबुवांचं लक्ष गेलं नाही. तो दर वेळी खुर्चीत बसून प्रयोग करत होता.

तुला म्हणून सांगतो. मला संशय बरेच दिवस होता. म्हणूनच तुला 'फोन करू नकोस' लिहिलं. स्पीकर फाटका होता तोवर बरं चाललं होतं. बातम्या लावल्या की वहिनी म्हणायची, 'काही कळलं नाही बाई,' आणि मी म्हणायचो, 'मलाही नाही.' आमच्या संसारात इतकं एकमत पूर्वी कधी झालं नव्हतं. नवे स्पीकर आले आणि तिला सगळं ऐकू यायला लागलं. मी पलीकडे एकटाच राहिलो. नवे स्पीकर आणताना दुकानातल्या माणसाशी मी इतकी घासाघीस का केली, ते माझं मलाच आता कळतंय. न घेताच परत यावं, अशी इच्छा होती.

गेल्या आठवड्यात संस्थेत गेलो. पक्का कान म्हणून मिरवलेला माणूस प्राचार्यबाईंच्या खोलीत काय बोलणार, हे वाटेत तीनदा पाठ केलं होतं. आत गेल्यावर एकही ओळ आठवली नाही. म्हणालो, "गुण परत द्या. दोष परीक्षकात आहे."

त्यांनी खणातून माझी यादी काढून पुढे सरकवली. मग म्हणाल्या, "एवढंच ना? मी तर मुलांच्या जिभा तपासून घ्यायला निघाले होते."

काम काढून घेतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "उजवा कान चालतोय ना? मग शेजारी कोणाला तरी बसवा आणि पुन्हा तपासा." शेजारी तुझी वहिनी बसते आहे. मी जिथे थबकतो तिथे ती म्हणते, 'आहे, आहे, ष आहे.' ती मुलगी वर्गात पहिली आली. तिला हे कधी कळणार नाही. मी मात्र विसरणार नाही.

कानाच्या डॉक्टरने यंत्र सांगितलं आहे. त्याच्या सूचनांचं पत्रक तुझ्या पत्राहून आखूड आहे, त्यामुळे आशा वाटते.

आणि हो. त्या रविवारी मी 'छान, छान' म्हणालो, तेव्हा तू गुडघ्याच्या शस्त्रक्रियेबद्दल सांगत होतीस, असं वहिनी म्हणते. त्यानंतर तुझा फोन आला नाही आणि मी त्याचं सुखच मानलं. गुडघा कसा आहे? कधी करायची ठरली? तेव्हा मी येऊन राहतो. माझा फारसा उपयोग नाही, पण तुझ्या उजव्या बाजूला... नाही, डाव्या बाजूला बसेन, म्हणजे माझा उजवा कान तुझ्याकडे राहील.

रविवारी फोन कर. हळू बोलू नकोस, ओरडूही नकोस, नेहमीसारखी बोल. नाही कळलं तर मी विचारीन.

'काय म्हणालीस?' असं विचारायला या वयात शिकलेला,
तुझा दादा