माझ्या यकृताचा ताबा

मी, खाली सही करणारी, वय एकसष्ट, अविवाहित, प्रतिपिंडे घडवण्याच्या कामातून सक्तीने घरी बसवलेली, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणणाऱ्या धाकट्या भावाला आज घरात घेतलेले नाही.

१. राहते घर व बँकेतील ठेवी भाचीला द्याव्यात. तिच्या बापाने, म्हणजे वरील भावाने, तिथे एक रात्रही मुक्काम करू नये.

२. भावाने माझ्या प्रयोगशाळेतून उचलून नेलेली खुर्ची त्याच्याकडेच राहावी. तिचा मागचा पाय निखळायला आला आहे, हे त्याला कळवण्याची गरज नाही.

३. पुढील कलम कळावे म्हणून थोडा खुलासा. माझ्या आजारात शरीराच्या रक्षक पेशींपैकी काही घरभेदी होतात. आपल्या दोन हातांनी त्यांनाच धरून औषध त्यांच्यातच सोडणारे प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, मी रचले. पण त्याला शेपूटही आहे, आणि यकृतातल्या सफाई करणाऱ्या पेशी ते शेपूट धरून औषधासकट त्याला गिळतात, अशी मला शंका आली. शेपूट बदलायला वर्षभर थांब म्हटले, तर भाऊ म्हणाला, "ताई, उंदरांना काही झालं नाही. तू उगाच खोडा घालू नकोस." कंपनी त्याची. मी घरी बसले.

शंका पडताळायला दुसरा मार्ग उरला नाही तेव्हा जाणूनबुजून मीच चाचणीत रुग्ण झाले. तिसऱ्या डोसनंतर डोळे पिवळे झाले. भाऊ म्हणतो, "हा तुझा जुना आजार गं. औषधाचा काय संबंध?" माझ्यामागे रांगेत आणखी माणसे आहेत. त्यांना तो हेच सांगणार.

४. म्हणून माझा देह माझ्या हाडवैरिणीला, इस्पितळातल्या पॅथॉलॉजिस्ट बाईंना, तपासणीसाठी द्यावा. भरसभेत त्या म्हणाल्या होत्या, "यांच्या आकृत्या छान असतात, पुरावा तेवढा नसतो." मी त्यांना माफ केलेले नाही, करणारही नाही. पण त्या कोणाची भीड ठेवत नाहीत. माझी शंका खोटी ठरली तर तेही चारचौघांत सांगतील, आणि आवडीने सांगतील. औषध कोणत्या पेशींत सापडले, याचा अहवाल आधी इतर रुग्णांना व त्यांच्या डॉक्टरांना द्यावा. भावाला शेवटी.

५. भाऊ अंत्यविधीची घाई करील. रडेलही. लहानपणापासून त्याला हुकमी रडू येते, आणि मी दर वेळी विरघळत आले. या वेळी मी नसेन, म्हणून वकिलांना बजावते: त्याला रडू द्यावे, पाणी द्यावे, बसायला जागा द्यावी. यकृताचे नमुने सीलबंद होईपर्यंत देह त्याच्या ताब्यात देऊ नये.

ठिकाण: माझी निजायची खोली.
दिनांक: वकिलांच्या शिक्क्याप्रमाणे.
सही: थोरली बहीण

आमच्यादेखत सही केली, शुद्धीवर होत्या:
१) वरच्या मजल्यावरील निवृत्त शिक्षिका
२) कोपऱ्यावरील औषधविक्रेता