गोळ्या कोणासाठी मागवल्या

हैदराबाद, ता. ४ ऑगस्ट १९४१

ती. माणिकदादांच्या पायी चंद्रभानचा शि. सा. नमस्कार. वि. वि. तुमचं पत्र पोचलं. आबांचं पोट आठ रोज साफ न्हाई, फोडणीच्या वासानं मळमळतंय, असं लिहिलंत. आमच्या दुकानातल्या कडक जुलाबाच्या सहा गोळ्या झरीला निघालेल्या किशनरावाच्या हाती धाडतोय. रोज एक द्या.

माझं इथं मन लागंना. मालक दिनकरराव लय चिकित्सक. गिऱ्हाईक खोकल्याचं औषध मागतंय अन् हे त्याची कुंडली मांडायलेत. कोणाला पाहिजे, वय काय, कवापासून, दुसरं काय घेतलं. माणूस दारातच कंटाळतंय. दिवाळीनंतर रेल्वेत बघतो. वहिनीला नमस्कार. हाय तशी माया राहू द्या.

चंद्रभान

हैदराबाद, ता. ११ ऑगस्ट

ती. दादांना शि. सा. नमस्कार. वि. वि. पाकीट आणायलाबी थांबलो न्हाई, कार्डावरच लिहायलोय.

काल एक पागोटेवाले आले. म्हाताऱ्या बापासाठी त्याच गोळ्या मागितल्या. मी काढून दिल्या, तर मालकांनी माझा हात धरला. इचारलं, उलट्या व्हतात का, कवा व्हतात. ते म्हणाले, सकाळीच, अन् फोडणीच्या वासानं. मालकांनी शांतपणानं इचारलं की दुखणाईत नक्की कोण. त्यांनी मान खाली घातली. सून व्हती, दिवस गेलेली. लाजेपायी बापाचं नाव सांगितलं. मालक मला म्हणाले, ह्या गोळीनं पोटातलं लेकरू जाऊ शकतं.

दादा, तवापासून तुमचं पत्र पुन्हा पुन्हा वाचायलोय. आबांना कवापासून फोडणी सोसंना? गोळ्या वहिनीसाठी असतील तर आता एकबी देऊ नका. दिल्या असतील तर किती, कवा, कळा आल्या का, रक्त गेलं का, लिहा. दिरानं असं इचारू नये, ठाऊक हाय. तरी इचारायलोय. उलट टपाली उत्तर धाडा. राग आला तरी लोभ सोडू नका.

चंद्रभान

झरी, ता. १६ ऑगस्ट

चि. चंद्रभानास अनेक आशीर्वाद. वि. वि. गोळ्या आबांसाठीच मागवल्या. बायकांच्या गोष्टी खुल्या कार्डावर लिहितोस! टपालवाल्यानं पारावर वाचून दाखवलं. मला तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाईस. आबा बरे हायेत. कामात ध्यान ठेव. प्रकृतीला जप.

माणिकराव

झरी, ता. १८ ऑगस्ट

चि. चंद्रभान भावजींना अनेक आशीर्वाद. वि. वि. अक्षर मास्तरांच्या लीलाचं, बोल माझे. तुमच्या दादांना हे पत्र ठाऊक न्हाई.

गोळ्या माझ्यासाठीच व्हत्या. धाकट्या भावाला बायकोचं कसं लिहावं, म्हणून त्यांनी आबांचं नाव घातलं. तिसरा महिना सरत आलाय. दोन घेतल्या. लय कळा आल्या, दोन रोज अंथरुणातनं उठले न्हाई. रक्त गेलं न्हाई. मग तुमचं कार्ड पारावरनं बायकांच्या तोंडी माझ्यापातुर आलं. तुमचे दादा घरी येऊन तुमच्यावर लय तापले. पर कोनाड्यातली गोळ्यांची पुडी त्याच सांजेला गायब झाली.

भावजी, परसाल माझं लेकरू पडलं, त्याच्या आधीबी बाजारातल्या वैदूची पुडी घेतली व्हती. तीबी आबांच्याच नावानं आणली व्हती. समदे म्हणाले, हिची कूसच कच्ची. मीबी तसंच धरून बसले. वैदूनं तवा काईच इचारलं न्हवतं.

आजून बारीक कळ येती. मालकांना म्हणावं, काय इचारायचं ते समदं इचारा, मी एकबी गोष्ट झाकणार न्हाई. पत्र बंद पाकिटात, लीलाच्या नावानं धाडा. लवकर धाडा. वहिनीवर जीव असू द्या.

कमल