शंका कोणाची?

३ जून

ती. मामीस,
सा. न. वि. वि.

आधुनिक तत्त्वचिंतकांच्या कोशातली मामांची नोंद एकदाची लिहून झाली. ‘शंका हे मनाचे पहिले कर्तव्य’ या एका वाक्याने त्यांनी अख्ख्या पिढीला प्रश्न विचारायला शिकवलं, असं लिहिलंय. मामा असते तर पाठ थोपटली असती. शेवटी तूही आहेस: ‘पत्नीने हस्तलिखिते सुवाच्य अक्षरात उतरवून दिली.’ खूश ना? गुडघ्याची काळजी घे. लोभ आहेच, तो वाढता राहो.

तुझा भाचा

९ जून

चि. कोशवाल्यास,
अ. उ. आ.

गुडघा कुरकुरतो, पण जीभ ठणठणीत आहे, म्हणून लिहिते. तुझ्या मामांनी ‘शांतता हे मनाचे पहिले कर्तव्य’ असं लिहिलं होतं. त्यांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. उतरवताना मी ‘शंका’ वाचलं. चूक लक्षात आली तेव्हा वाटलं, अरे, हेच तर बरोबर आहे! मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवणारी बाई. पुढचं सगळं प्रकरण शंकेच्या बाजूने नव्याने लिहून काढलं.

त्यांनी ते न वाचताच छापायला दिलं. पुस्तक छापून आल्यावर स्वारी भडकली. मग चहूकडून वाहवा झाली आणि ते शंकेचे तत्त्वज्ञ झाले. घरात मात्र आमटीत मीठ कमी असल्याची शंकाही त्यांना खपायची नाही. माझा जीव होता त्यांच्यावर, अजूनही आहे. पण हा कबुलीजबाब समजू नकोस. मी हक्क सांगतेय. नोंद बदल.

मामीचे आशीर्वाद

१७ जून

ती. मामीस,
सा. न. वि. वि.

तुझं म्हणणं संपादकांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, गेलेल्या माणसाला असं खाली ओढायचं नसतं. फार तर ‘पत्नीचे मोलाचे सहकार्य’ म्हणू. मी मान डोलावली. माझी नोकरी त्यांच्याच हातात आहे गं. तू मोठ्या मनाची आहेस, सोडून दे. प्रकाशनाला पहिल्या रांगेत तुझी खुर्ची ठेवलीय. रागावू नकोस.

तुझा भाचा

२२ जून

चि. कोशवाल्यास,
अ. उ. आ.

मोठं मन आता पुरे झालं. सहकार्य म्हणजे दुसऱ्याच्या कामाला हातभार लावणं. तो विचारच माझा होता. संताप झालाय माझा, आणि थोडा तुझ्यावरही आहे. तू नोकरी सांभाळ, तुला मधे ओढणार नाही.

खुर्ची ठेवलेली असू दे, मी येतेय. माझ्यावरचा लोभ त्या दिवशीही टिकव. भाषणं संपली की तुझे संपादक विचारतीलच, कोणाला काही शंका आहे का म्हणून. मी हात वर करणार आहे.

तुझी मामी